शाळा नावाचे गायरान

'पब्लिक स्कूल' हा शब्द आपल्याकडे उच्चारला की डोळ्यांसमोर उभी राहते ती दगडी कमान, राखलेली हिरवळ, टाय बांधलेली मुले आणि वर्षारंभी भरावयाची भरभक्कम फी. इंग्लंडातून आलेला हा शब्द १९३५ साली डेहराडूनला निघालेल्या दून स्कूलसारख्या संस्थांनी येथे रुजविला, आणि जेथे सर्वांना प्रवेश नाही अशा शाळेस 'सार्वजनिक' म्हणण्याची विसंगती हळूहळू आपल्या अंगवळणी पडली. अमेरिकेत मात्र तोच शब्द त्याच्या सरळ अर्थाने वापरतात. तेथील पब्लिक स्कूल म्हणजे आपली नगरपालिकेची शाळा : फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला दार उघडे. त्यामुळे शहरातील पब्लिक स्कूल बरी की उपनगरातील, हा अमेरिकन आईबापांच्या घरोघरी चाललेला वाद आपल्याला प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. दोन्ही शाळा सरकारी, दोन्ही मोफत. मग निवड कसली करावयाची?

या प्रश्नाचे उत्तर अध्यापनशास्त्राच्या ग्रंथांत सापडत नाही. ते महसुलाच्या कागदांत सापडते. अमेरिकेत शाळा चालविते ते स्थानिक शिक्षणमंडळ, आणि त्या मंडळाच्या उत्पन्नाचा मोठा भाग येतो तो त्या त्या गावच्या घरपट्टीतून. राज्याचे व संघसरकारचे अनुदान असते, नाही असे नाही. परंतु जेथे घरे किमती तेथे हलक्या दरानेही पैसा पुष्कळ गोळा होतो, आणि जेथे घरे मोडकळीस आलेली तेथे दर चढवूनही तिजोरी भरत नाही. शिवाय मुलाला प्रवेश मिळावयाचा तो सामान्यतः राहत्या हद्दीतच. तेव्हा घर घेणे म्हणजेच शाळा घेणे असा तेथील व्यवहार आहे. फी शाळेच्या खिडकीवर भरावी लागत नाही, एवढेच. ती घराच्या किमतीत आधीच वसूल झालेली असते. टेक्ससमधील सॅन अँटोनियो शहराच्या एजवुड विभागातील गरीब पालकांनी या व्यवस्थेविरुद्ध दाद मागितली, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला, की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे आणि स्थानिक करामुळे उत्पन्न होणारी विषमता घटनाबाह्य ठरत नाही. एका मताच्या फरकाने गावची वेस ही मुलाच्या भाग्याची रेषा ठरली.

या वेशीच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या आईबापांचे मन ज्याने सर्वांत खोल जाऊन पाहिले आहे असा ग्रंथ म्हणजे जे. अँथनी लुकस यांचा 'कॉमन ग्राउंड'. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला आणि पुढील वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. लुकस १९९७ साली निवर्तले. ग्रंथास आता चार दशके होऊन गेली. तरी त्यातील प्रश्न शिळा झालेला नाही, आणि बदलीच्या नोकरीत गावोगाव हिंडणाऱ्या आपल्या वाचकवर्गास तर तो घरचाच वाटावा. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे वार्ताहर म्हणून लुकस काही काळ भारतातही होते. जातीपातींनी विभागलेला समाज त्यांनी येथे जवळून पाहिला होता. त्या अनुभवाचा या ग्रंथावर कितपत परिणाम झाला हे सिद्ध करून दाखविता येण्यासारखे नाही, परंतु आपल्याच देशातील माणसांकडे परमुलखातून आलेल्या प्रवाशाच्या सावध आणि उत्सुक नजरेने पाहण्याची त्यांची सवय ग्रंथभर जाणवते.

ग्रंथाचे नावच प्रथम विचारात घेण्याजोगे आहे. 'समान भूमिका' असे त्याचे भाषांतर कोणी करील आणि ते चुकीचे ठरणार नाही. तथापि बॉस्टन शहराच्या मध्यभागी 'कॉमन' नावाचे एक मैदान आहे. १६३४ सालापासूनचे ते मैदान मुळात गावकऱ्यांनी आपली गुरे चारण्यासाठी राखलेले होते. आपल्या महसुली भाषेत त्याला एकच नेमका शब्द आहे : गायरान. ज्यावर कोणा एकाची मालकी नाही, ज्याच्या सातबाऱ्यावर कोणा कुळाचे नाव चढत नाही आणि म्हणूनच ज्यावर अतिक्रमण करावयास सर्वांना सोपे जाते, ते गायरान. सार्वजनिक शाळा हे आधुनिक गावाचे गायरानच होय. लुकस यांचा ग्रंथ त्या गायरानाच्या वाटणीची कहाणी आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कहाणीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. हा निर्णय दक्षिणेकडील राज्यांसाठीच आहे अशी उत्तरेतील शहरांची समजूत होती, कारण तेथे तसा उघड कायदा नव्हता. परंतु कायद्याने जे केले नव्हते ते बॉस्टनच्या शिक्षणमंडळाने हद्दी आखून, बदल्या देऊन आणि प्रवेशाचे नियम वाकवून साधले होते. १९६३ साली रूथ बॅट्सन या कृष्णवर्णीय मातेने व तिच्या सहकाऱ्यांनी मंडळापुढे जाऊन गाऱ्हाणे मांडले. मंडळाने भेदभाव होतो हेच मान्य केले नाही. १९६५ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने शाळांतील वर्णीय असमतोल दूर करण्याचा कायदा केला. मंडळाने तोही जवळजवळ दहा वर्षे टाळला. अखेर २१ जून १९७४ रोजी न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी मंडळ दोषी असल्याचा निकाल दिला आणि त्या सप्टेंबरपासून मुलांना बसगाड्यांतून एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीच्या शाळेत नेण्याची योजना अंमलात आली. दक्षिण बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले. दुसऱ्या वर्षी, १९७५ साली, योजना चार्ल्सटाउनपर्यंत पोहोचली.

याच सुमारास, गॅरिटींच्या निकालानंतर पाच आठवड्यांच्या आत, २५ जुलै १९७४ रोजी वॉशिंग्टनमध्ये आणखी एक निकाल लागला होता. डेट्रॉइट शहरातील शाळांचा वर्णभेद केवळ शहरापुरता मिटविणे अशक्य आहे, कारण गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली आहेत, हे ओळखून खालच्या न्यायालयाने शहराबरोबर ५३ उपनगरी शिक्षणविभाग एका योजनेत आणण्याचे ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, ती योजना रद्द केली. उपनगरांनी स्वतः गुन्हा केल्याचे सिद्ध झाल्यावाचून त्यांना या भानगडीत ओढता येणार नाही, असा त्याचा आशय. १९५४ सालचा खटला ज्यांनी वकील म्हणून लढविला होता ते थर्गुड मार्शल या वेळी न्यायासनावर होते, आणि त्यांचे मत विरोधात पडले. या निकालाचा व्यवहारातील अर्थ साध्या माणसालाही कळला : शहराच्या हद्दीत राहाल तर बस तुमच्या दारी येईल, वेस ओलांडून गेलात तर येणार नाही. गॅरिटींचे स्वतःचे घर वेल्सली या उपनगरात होते, हे त्यांचे विरोधक वारंवार बोलून दाखवीत, ते काही उगीच नव्हे.

लुकस यांनी ही दहा वर्षांची उलथापालथ तीन कुटुंबांच्या आयुष्यातून सांगितली आहे. डायव्हर हे गोरे, उच्चशिक्षित दांपत्य. पती हार्वर्डचा कायदेपंडित. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्याचे कळताच तो वॉशिंग्टनमधील मोठ्या वकिली कचेरीची वाट सोडतो आणि बॉस्टनच्या महापौरांच्या कार्यालयात रुजू होतो. शहराची सेवा करावयाची तर शहरात राहिले पाहिजे, या निष्ठेने ते दोघे साउथ एंड या मिश्र वस्तीत जुने घर घेतात. ट्वायमन हे कृष्णवर्णीय कुटुंब. सहा मुलांना एकटीच्या बळावर वाढविणारी, धर्मशील आणि शिस्तीची आई. मॅगॉफ हे आयरिश कॅथलिक कुटुंब. चार्ल्सटाउनमधील सरकारी चाळीत राहणारी, सात मुलांची विधवा आई. किंगच्या मृत्यूची वार्ता तिन्ही घरांत कशी पोहोचली येथून ग्रंथ सुरू होतो, आणि एकच बातमी तीन उंबऱ्यांवर तीन निराळ्या अर्थांनी कशी उतरते हे दाखवून लेखक आपली पद्धती पहिल्याच प्रकरणांत स्पष्ट करतो.

या पद्धतीचा पहिला गुण असा की, लुकस कोणाही पात्राला मताचे प्यादे बनवीत नाहीत. प्रत्येक कुटुंबाचा पूर्वेतिहास ते पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन शोधतात : कोणाचे पूर्वज दुष्काळात आयर्लंड सोडून आले, कोणाचे गुलामगिरीतून सुटून उत्तरेकडे सरकले. घाईच्या वाचकास ही प्रकरणे लांबलेली वाटतील. परंतु त्यांचे प्रयोजन आहे. मॅगॉफबाई आपल्या मुलांच्या शाळेसाठी रस्त्यावर उतरते, शेजारणींबरोबर प्रार्थना म्हणत पोलिसांच्या रांगेसमोर गुडघे टेकते, तेव्हा तिच्या कृतीला केवळ वर्णद्वेष असे नाव देऊन मोकळे होणे वाचकाला जड जाते. वर्णद्वेष तेथे आहे, लेखक तो लपवीत नाही; परंतु त्याच्या जोडीला आपल्या वाडीवर, आपल्या शाळेवर, आपल्या मोजक्या हक्कांवर बाहेरच्या श्रीमंत माणसांनी परस्पर निर्णय घ्यावा याचा संतापही आहे. द्वेष आणि न्याय्य संताप एकाच काळजात नांदू शकतात, हे दाखविण्यास लेखणीला धैर्य लागते.

दुसरा गुण न्यायनिष्ठुरतेचा. ट्वायमनांची मुलगी ज्या शाळेत बसने जाते ती चार्ल्सटाउनची शाळा आणि मॅगॉफांची मुलगी ज्या शाळेत शेवटच्या वर्षाला आहे ती शाळा एकच. एक मुलगी तेथे नको असलेली पाहुणी, दुसरी आपले घर लुटले गेले असे मानणारी यजमानीण. आणि ज्या शाळेसाठी हा सारा रणसंग्राम, ती शाळा कशी? जुनी, दरिद्री, जेथून महाविद्यालयाची पायरी चढणारी मुले थोडी. एका वंचित वस्तीतील मुलाला उचलून दुसऱ्या वंचित वस्तीत नेऊन बसविणे, एवढेच ती बस करू शकत होती. उपनगरांची वेस तिला बंद होती. लुकस हे प्रवचन देऊन सांगत नाहीत. ते शाळेचे जिने, वर्ग, पहारा आणि जेवणघर वर्णन करतात, आणि निष्कर्ष वाचकाच्या मनात आपोआप उतरतो.

तथापि ग्रंथाचा गाभा, निदान आपल्या विषयापुरता, डायव्हर कुटुंबात आहे. त्यांची मुले वस्तीतील बॅन्क्रॉफ्ट या प्रयोगशील शाळेत जातात. ती शाळा पालकांनी आस्थेने जोपासलेली; गोरी-काळी मुले तेथे आपखुशीने एकत्र आलेली. आणि नियतीचा विनोद असा की, वर्णसमतेसाठी आलेली न्यायालयीन योजनाच त्या शाळेच्या मुळावर येऊ पाहते, कारण योजनेला आकडे दिसतात, जोपासना दिसत नाही. तरीही डायव्हर शाळेसाठी म्हणून घर सोडतात असे लेखक म्हणत नाही. चोऱ्या होतात, रस्त्यात लूटमार होते, एका प्रसंगी तो सौम्य कायदेपंडित हाती बॅट घेऊन लुटारूच्या मागे धावतो आणि स्वतःच्याच क्रोधाला भितो. असे एकेक कारण साचत जाते. शेवटी १९७६ साली ते न्यूटन या उपनगरात जातात. हा साचण्याचा क्रम ज्या बारकाईने लिहिला आहे तो वाचताना कादंबरीकारांनीही मान तुकवावी. मोठे निर्णय एका क्षणी होत नसतात. ते हळूहळू पिकतात आणि ज्या दिवशी आपण ते जाहीर करतो त्याच्या पुष्कळ आधीच आपल्या हातून घडून गेलेले असतात.

ग्रंथाच्या अखेरीस न्यूटनच्या घराभोवतीचे पांढरे लाकडी कुंपण डायव्हर स्वतःच्या हाताने दुरुस्त करीत असतो. लेखक त्याला दोष देत नाही आणि निर्दोषही ठरवीत नाही. गायरान हे ज्या ग्रंथाचे नाव, त्याचा शेवट कुंपणावर व्हावा, याहून बोलके दुसरे काय असणार? येथे लेखणी थांबते, आणि ती योग्य ठिकाणी थांबते.

एवढी प्रशंसा केल्यानंतर ग्रंथातील उणिवांकडे वळणे हे समीक्षकाचे कर्तव्य आहे. पहिली उणीव समतोलाच्या अतिरेकाची. तीन कुटुंबांना सारखे वजन द्यावयाचे या आग्रहामुळे जे सारखे नव्हते तेही सारखे भासू लागते. कृष्णवर्णीय पालकांनी बस मागितली ती लहर म्हणून नव्हे. १९६३ आणि १९६४ साली त्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला होता, निवेदने दिली होती, निवडणुका लढविल्या होत्या. सारे दरवाजे ठोठावून झाल्यावर ते न्यायालयात गेले. हा दीर्घ आणि शहाणा लढा ग्रंथात यावयास हवा होता तेवढा येत नाही. ट्वायमन कुटुंब सोसणारे आहे. त्याची आपत्ती आपल्याला हलविते. परंतु ज्या मातांनी आपत्ती सोसता सोसता चळवळ उभारली त्यांच्यापैकी एखादे कुटुंब लेखकाने निवडले असते तर चित्र अधिक खरे उतरले असते. प्रतिनिधी म्हणून कोणाला निवडावयाचे, या पहिल्याच निवडीत पुष्कळसा निकाल लागून जातो.

याच्या उलट टोकाचा ग्रंथ पाहावयाचा तर जोनाथन कोझोल यांचा 'डेथ ॲट ॲन अर्ली एज' पाहावा. कोझोल १९६४-६५ साली बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात चौथीचे शिक्षक होते. लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीची अभ्यासक्रमाबाहेरची एक कविता वर्गात वाचून दाखविल्याबद्दल त्यांना नोकरीतून काढण्यात आले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात समतोल नाही, संताप आहे. परंतु त्या संतापामुळे लुकस यांच्या ग्रंथात न दिसणारी एक गोष्ट लख्ख दिसते : वर्गाच्या आत त्या मुलांचे काय होत होते. लुकस आपल्याला घरे, चर्च, रस्ते आणि न्यायालये दाखवितात. कोझोल फळा दाखवितात. पुढे १९९१ साली 'सॅव्हेज इनइक्वालिटीज' या पुस्तकात कोझोल यांनीच शिकागो शहराच्या शाळांशेजारी न्यू ट्रिअर या संपन्न उपनगरी शाळेचे चित्र ठेवले, आणि वेशीच्या दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला. कलाकृती म्हणून ती दोन्ही पुस्तके 'कॉमन ग्राउंड'च्या उंचीची नाहीत; कोझोल यांचा आवाज फार चढतो आणि त्यांच्या जगात दुष्ट व सुष्ट यांची विभागणी फार सोपी होते. परंतु लुकस वाचल्यावर कोझोल वाचावा, म्हणजे करुणेच्या मागोमाग जाब विचारण्याची बुद्धी जागी राहते.

दुसरी उणीव याहून महत्त्वाची आहे. न्यूटन ग्रंथात येते ते मुख्यतः शेवटी आणि मुख्यतः निवारा म्हणून. उपनगराला स्वतःची इच्छा आहे, तेही काही निर्णय घेते, हे आपल्या डोळ्यांपुढे ठसत नाही. वस्तुतः १९६६ साली 'मेटको' नावाची योजना सुरू झाली होती. तिच्यान्वये बॉस्टनमधील २२० मुले सात उपनगरांच्या शाळांत बसने जाऊ लागली, आणि त्या सातांत न्यूटन होते. म्हणजे बसला वेस ओलांडता येत होती. मात्र उपनगराच्या मर्जीने आणि उपनगराने ठरविलेल्या संख्येत. दान म्हणून जे देता येत होते ते हक्क म्हणून देण्याची तयारी नव्हती. हा भेद ग्रंथाच्या केंद्रस्थानी आला असता तर कथेचा स्वरच बदलला असता. आता ती शोकांतिका वाटते. जणू तिन्ही कुटुंबे दैवाच्या चक्रात सापडली. दैव तेथे नव्हते. एक नकाशा होता, एक करपद्धती होती आणि नऊ न्यायाधीशांत एका मताचा फरक होता. ज्याला दैव म्हणावे ते पुष्कळदा कोणाच्या तरी सहीने झालेले असते, हे सरकारी नोकराइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

आता मूळ प्रश्न. आईबापांनी काय करावे? आपले तत्त्व राखण्यासाठी आपल्या मुलाला दुबळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकार बापाला आहे काय? तत्त्व बापाचे, किंमत मुलाची, हा सौदा न्याय्य कसा? उपनगरात जाणारे सारेच ढोंगी, असे म्हणणे म्हणूनच उथळपणाचे आहे. परंतु याचा दुसरा भागही तितकाच खरा आहे. जो पालक जातो तो एक मूल घेऊन जात नाही. तो आपली सभेतील हजेरी, आपले अर्ज, आपला आवाज आणि आपली घरपट्टी घेऊन जातो. मागे राहिलेल्या मुलांच्या वाट्याला येते ती आवाज गेलेली शाळा. मग ती शाळा आणखी बिघडते, आणि तिच्या बिघडण्याचाच दाखला देऊन पुढचे कुटुंब निघते. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या घरात शहाणपणाचा. सर्वांचे शहाणपण एकत्र केले की त्यातून गावाचा वेडेपणा निघतो. गायरानाचा नाश याच रीतीने होत असतो : एकेक वितीने, आणि कोणाच्याही मनात पाप नसताना.

आपल्याकडे वेस वेगळी आहे, एवढाच फरक. अमेरिकन पालक गाव बदलून शाळा बदलतो. आपण त्याच गावात, त्याच गल्लीत राहून शाळा बदलतो. एका बाजूला फीची शाळा, दुसऱ्या बाजूला जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची. मध्ये भिंत दिसत नाही, पण ती आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ही भिंत ओळखली होती आणि समान शाळापद्धती व शेजारशाळा यांची शिफारस केली होती : वस्तीतील सर्व मुले, कोणत्याही घरची असोत, वस्तीच्याच शाळेत. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, खेड्यात वाढलेले मराठी गृहस्थ होते, याचा अभिमान आपण बाळगतो. त्यांची शिफारस मात्र कागदावरच राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात शेकडा २५ जागा दुर्बल घटकांसाठी ठेविल्या. अमेरिकेत जो हक्क नाकारला गेला तो आपल्या घटनेत आता आहे, ही समाधानाची गोष्ट खरी. पण २५ जागा देणे म्हणजे भिंतीस एक दिंडी पाडणे होय. भिंत तशीच आहे.

बदलीच्या नोकरीतील मराठी माणसापुढे तर हा प्रश्न दर तीन-चार वर्षांनी नव्याने उभा राहतो. भुवनेश्वरचा हुकूम हाती पडला की सामान बांधण्याआधी शाळेची चौकशी. स्थानिक सरकारी शाळेची भाषा मुलाला परकी. कॉन्व्हेंटची फी पगाराला न झेपणारी. घरी मराठी, बाहेर हिंदी, वर्गात इंग्रजी. १९६३ साली केंद्रीय शाळांची योजना निघाली ती याच अडचणीतून, आणि तिने फार मोठे काम केले. एकाच बाकावर शिपायाचा मुलगा आणि साहेबाचा मुलगा बसलेला पाहावयाचा तर तो तेथे. परंतु लुकस वाचल्यानंतर मनात एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येत नाही. त्या शाळेच्या दाराशी सर्वांत पुढे उभे राहण्याचा मान बदलीच्या सरकारी नोकरांचा. शेजारच्या वस्तीतील मजुराच्या मुलासाठी अलीकडे शिक्षणहक्काच्या थोड्या जागा, एरवी रांगेचा शेवट. ज्या गावाची शाळा सुधारणे आपल्या सहीच्या कक्षेत असते, त्या गावच्या शाळेशी आपल्या मुलाचा संबंध येऊ नये अशी सोय आपल्यासाठी झालेली आहे. ही सोय न्याय्य कारणांनी झाली; तिचा परिणामही न्याय्य आहे काय, हा निराळा प्रश्न आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नेमक्या याच वर्मावर बोट ठेविले. उत्तर प्रदेशातील सरकारी नोकर, लोकप्रतिनिधी आणि न्यायव्यवस्थेतील मंडळी यांची मुले सरकारी प्राथमिक शाळांतच शिकतील अशी व्यवस्था करावी, असा आदेश त्याने राज्यशासनास दिला. साहेबाचे मूल गळक्या छपराखाली बसले की छप्पर दुरुस्त होण्यास वेळ लागत नाही, हे त्यामागील साधे तर्कशास्त्र. आदेश प्रत्यक्षात उतरला नाही. तो उतरता तर बॉस्टनप्रमाणे येथेही सक्तीने सद्‌भाव निर्माण होत नाही हे दिसले असते, असे कोणी म्हणेल. असेल. परंतु बॉस्टनचा धडा एवढाच नाही. तेथे सक्ती झाली ती गरिबांवर. ज्यांच्या हाती सत्ता, पैसा आणि कायद्याचे ज्ञान होते त्यांना ती शिवलीच नाही. सक्ती फसली असे म्हणण्याआधी ती कोणावर झाली हे विचारले पाहिजे.

'कॉमन ग्राउंड' या प्रश्नाचे उत्तर देत नाही, आणि ललित गद्याच्या या थोर कृतीकडून शासकीय ठरावाची अपेक्षा करणेही योग्य नव्हे. तिने जे दिले आहे ते याहून टिकाऊ आहे. आपल्या मुलासाठी शाळा शोधणारा प्रत्येक माणूस किती प्रेमळ, किती भ्यालेला आणि किती हिशेबी असतो हे तिने दाखविले, आणि हे तिन्ही गुण एकाच माणसात पाहूनही त्याच्यावरची माया कमी होऊ दिली नाही. तिच्या उणिवा वाचकाला भरून काढाव्या लागतील. परदेशी जीवनावरील एवढा मोठा ग्रंथ कोणी हाती का घ्यावा, असे विचारले तर उत्तर सरळ आहे. वाचून संपल्यावर, पुढच्या बदलीच्या गावी केवळ आपल्या मुलाच्या प्रवेशाची चौकशी करून आपण थांबणार नाही. ज्या शाळेत आपण त्याला घालणार नाही, तिचीही एकदा चौकशी करू. गायरानाची मोजणी तेथूनच सुरू होते.